एका एकरात अख्खा महाराष्ट्र

बारामतीच्या माळेगावात किंवा इंदापूरच्या भवानीनगरात एखाद्या खोल काळ्या रानात उभं राहा आणि पायाखालच्या एका एकराचा वरचा सहा इंचांचा थर मनातल्या मनात काट्यावर चढवा. मृदाशास्त्रातला रूढ हिशेब सांगतो, की एवढ्या थराचं वजन हेक्टरी सुमारे २२ लाख किलो भरतं. म्हणजे एकराला साधारण ९ लाख किलो, दहा टनी नव्वद ट्रक.

हा आकडा अजून डोळे विस्फारणारा नाही. खरी गंमत त्या मातीच्या कणात आहे. काळ्या जमिनीतली चिकणमाती बहुतांशी स्मेक्टाइट नावाच्या खनिजाची असते. त्याचा प्रत्येक कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिसूक्ष्म पापुद्रे. एका ग्रॅम शुद्ध स्मेक्टाइटचे सगळे पापुद्रे सुटे करून अंथरले, तर सुमारे ७०० चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे सहा ग्रॅममध्ये एकरभर पृष्ठभाग. खोल काळ्या मातीत निम्मी चिकणमाती धरली, तर शंभर ग्रॅमच्या एका मुठीत आठ एकरांहून जास्त पृष्ठभाग असतो. आता हाच गुणाकार एकराच्या ९ लाख किलोंना लावा. उत्तर येतं सुमारे ३ लाख १५ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ आहे ३ लाख ७ हजार ७१३ चौरस किलोमीटर. एका एकराच्या नांगरटीच्या थरात अख्खा महाराष्ट्र अंथरून वर थोडी जागा उरते.

हा पृष्ठभाग नुसता पसरलेला नाही, तो काम करतो. पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश, अमोनियम यांना तो धरून ठेवतो आणि मुळांनी मागितलं की सोडतो. आपल्या काळ्या रानाची ताकद ती हीच. ती आली दख्खनच्या काळ्या पाषाणातून. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि आज पाच लाख चौरस किलोमीटरवर उरलेला तो बेसाल्ट झिजून झिजून नीरा, कऱ्हा आणि भीमेच्या काठी येऊन बसला. एक इंच माती तयार व्हायला कित्येक शतकं जातात. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर असलेली ही सर्वांत जुनी नोंद, आणि ती कुठल्याही रकान्यात लिहिलेली नसते.

इतकी श्रीमंत जमीन असताना पीक उपाशी का राहतं? या लेखातले सगळे आकडे याच एका प्रश्नाभोवती आहेत. माझं म्हणणं सरळ आहे. आपली जमीन गरीब झालेली नाही, ती अडलेली आहे. नुसत्या गोणीने ती सुटत नाही आणि नुसत्या शेणखतानेही सुटत नाही. सेंद्रिय आणि खनिज यांचा मेळ घातला तरच सुटते, आणि हे भावनेने नाही, हिशेबाने सिद्ध होतं.

५४ टन लोखंड आणि पिवळा ऊस

चुनखडीच्या रानात खोडव्याकडे एकदा निरखून बघा. कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधली जागा फिकी पडत जाते. लांबून पाहिलं तर पान पिवळ्या-हिरव्या रेघांचं दिसतं. पुढे रेघाही पुसट होतात आणि पान जवळजवळ पांढरं पडतं. उसावर केवडा पडला, असं आपण म्हणतो. हा रोग नव्हे, ही लोहाची उपासमार आहे.

आता हिशेब मांडू. बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत एकूण लोह सहा टक्के धरलं, तरी एका एकराच्या वरच्या थरात ते ५४ टन होतं. चोपन्न हजार किलो लोखंड! पण पिकाला उपलब्ध असलेलं लोह प्रयोगशाळा वेगळं मोजते. एक किलो मातीत ४.५ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की जमीन लोहाला कमी धरली जाते. एकराला गुणून पाहा, हा उंबरठा जेमतेम चार किलोंचा आहे. चोपन्न हजार किलोंवर ऊस उभा आहे आणि चार किलोंसाठी पिवळा पडतो आहे. कारण चुनखडीच्या जमिनीचा सामू आठच्या वर असतो, आणि एवढ्या सामूला लोह पाण्यात विरघळतच नाही. जस्ताची गोष्ट अजून बारीक. त्याचा उंबरठा किलोला ०.६ मिलिग्रॅम, म्हणजे एकराला अर्धा किलोच्या आसपास.

यावर आपल्याकडे जी शिफारस आहे, ती मला फार मोलाची वाटते. एकराला फेरस सल्फेट १० किलो, झिंक सल्फेट ८ किलो, मँगनीज सल्फेट ४ किलो आणि बोरॅक्स २ किलो. हे चोवीस किलो तसेच सरीत टाकायचे नाहीत. दसपट, म्हणजे सुमारे अडीचशे किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळायचे, सावलीत ढीग लावायचा, ओल टिकेल एवढंच पाणी शिंपडायचं आणि पाच-सहा दिवस मुरू द्यायचं. या पाच-सहा दिवसांत शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाच्या आणि जस्ताच्या कणांना वेढून घेतात. मग चुन्याला ते सहजासहजी पकडता येत नाहीत आणि ते विरघळलेल्या रूपात मुळांपर्यंत जातात.

दहा किलो फेरस सल्फेटमध्ये लोह असतं फक्त दोन किलो. चोपन्न हजार किलोंना जे जमलं नाही ते मुरवलेले दोन किलो करून दाखवतात. हेच फेरस सल्फेट कोरडं टाकलं, तर त्यातलं बहुतेक काही दिवसांतच त्या चोपन्न हजारांत जाऊन बसतं.

स्फुरदाचंही तसंच. आडसाली उसाला हेक्टरी १७० किलो, म्हणजे एकराला ६८ किलो स्फुरद द्यायला सांगतात. पहिल्या हंगामात पीक त्यातलं साधारण १५ ते २० टक्के उचलतं. सुमारे ५५ किलो कॅल्शियमशी बांधले जातात. थोडं पुढच्या पिकांच्या हाती लागतं, बाकीचं बसून राहतं. वीस लागणींत प्रत्येक वेळी ५५ किलो, म्हणजे एकराला टनाहून जास्त स्फुरद आपण विकत घेऊन चुन्याच्या हवाली केलेलं असतं. सुपर फॉस्फेट प्रेसमडमध्ये, म्हणजे कारखान्यात रस गाळून उरलेल्या गाळात, किंवा कंपोस्टमध्ये मिसळून दिलं, की चुन्याशी त्याचा थेट संपर्क कमी होतो आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू तिथेच कामाला लागतात. रॉक फॉस्फेट कंपोस्टबरोबर कुजवून केलेल्या प्रोम या खताला सरकारच्या खत नियंत्रण आदेशात जागा मिळाली, ती याच तत्त्वावर.

जमिनीखालची बैलजोडी

एका ग्रॅम चांगल्या मातीत १० कोटी ते १०० कोटी जिवाणू असतात. भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या घरात आहे. म्हणजे दीड ग्रॅमपासून चौदा ग्रॅमपर्यंतच्या मातीत अख्खा देश भरेल एवढी वस्ती. एकराच्या नऊ लाख किलोंना कमीत कमी आकड्याने गुणलं, तरी नऊ कोटी अब्ज जीव होतात. हा आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून वजनाने बघू. जमिनीतल्या एकूण सेंद्रिय कर्बाच्या साधारण दोन टक्के कर्ब जिवंत सूक्ष्मजीवांच्या शरीरात असतो. अर्धा टक्का कर्ब असलेल्या एकरात त्यांचं ओलं वजन नऊशे किलोंच्या आसपास भरतं. प्रत्येक एकराखाली एक खिलारी बैलजोडी रात्रंदिवस राबते आहे. आपण दावणीच्या बैलांना वैरण चुकवत नाही, पण या जोडीला वर्षानुवर्षं काडी घालत नाही.

तिची वैरण म्हणजे सेंद्रिय कर्ब. मृदा आरोग्य पत्रिकेत ०.४० टक्क्यांपर्यंतचा कर्ब कमी, ०.६० पर्यंतचा मध्यम मानतात. अर्धा टक्का हा आपल्या भागात नित्याचा आकडा. एकराला वजनात तो साडेचार टन. एक टक्क्यावर न्यायचा तर आणखी साडेचार टन कर्ब जमिनीत टिकवावा लागेल. एकरी दहा टन शेणखत घातलं, तर त्यातून दीड ते दोन टन कर्ब पडतो, पण आपल्या उन्हात त्यातला बराचसा जिवाणू खाऊन हवेत सोडतात. दीर्घकाळ टिकतो तो ढोबळमानाने दहावा हिस्सा. म्हणजे दरवर्षी न चुकता घातलं तर पंचवीस वर्षं, अख्खी एक पिढी.

आणि एवढं शेणखत आणायचं कुठून? आडसालीला हेक्टरी ३० टन, म्हणजे एकराला १२ टन शेणखताची शिफारस आहे. एका जनावराचं रोजचं शेण दहा किलो धरलं आणि कुजून निम्मं उरलं, तर वर्षाला पावणेदोन टन खत मिळतं. एकरामागे सात जनावरं लागतील. दहा लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यामागे, एकरी चाळीस टनांनी, पंचवीस हजार एकर ऊस उभा असतो. त्याला पावणेदोन लाख जनावरं हवीत. इंदापूरच्या माळांवर उन्हाळ्यात धनगरांची मेंढरं शेतात बसवतात, ती पद्धत उत्तमच आहे आणि जपायलाच हवी. पण उसाच्या सगळ्या रानाला पुरतील एवढी जनावरं आता दावणीला नाहीत आणि पुढेही असणार नाहीत.

मग पाचट. ऊस तोडल्यावर एकराला तीन-चार टन पाचट रानातच पडतं. त्यात कर्ब चाळीस टक्क्यांच्या आसपास आणि नत्र अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे कर्ब आणि नत्राचं प्रमाण जवळजवळ शंभरास एक. जिवाणूंना कुजवायला पंचवीस-तीसास एक लागतं. नत्र नाही मिळालं तर ते मातीतलं ओढून घेतात, खोडवा पिवळा पडतो आणि शेतकरी म्हणतो, पाचट ठेवलं म्हणून ऊस मागे पडला. म्हणून शिफारस अशी, की पाचटाची कुट्टी करा, सरीआड दाबा आणि त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाका. केवड्याच्या उपायात शेणखताने खनिजाला वाचवलं होतं. इथे खनिज पाचटाला जमिनीत मुरवतं. दोघांनाही एकमेकांची गरज आहे.

नत्राचा तर केवढा विरोधाभास! प्रत्येक एकराच्या डोक्यावर हवेत सुमारे ३० हजार टन नत्र तरंगतं. आडसालीला एकराला १६० किलो नत्र लागतं, तेही आपण गोणीतून आणतो आणि त्यातलं निम्म्याहून जास्त उडून किंवा वाहून जातं. उसात राहून हवेतलं नत्र स्थिर करणारे ॲसिटोबॅक्टर, मातीतले ॲझोटोबॅक्टर हे त्या तीस हजार टनांतून थोडं उतरवू शकतात. पण त्यांनाही कर्बाची वैरण लागते.

एक कोटी लिटर पाणी, तीन टन क्षार

बारामती-इंदापूर पर्जन्यछायेत. वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एकराला २० लाख लिटर पाणी. सुरू उसाला पाटाने द्यायला लागतं अडीच मीटर, म्हणजे एकराला एक कोटी लिटर. ही तूट भरून काढतात नीरेचे कालवे, उजनीचं पाणी आणि विहिरी.

पण पाणी एकटं येत नाही. कालव्याच्या चांगल्या गोड पाण्यातही लिटरला तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास क्षार विरघळलेले असू शकतात. एक कोटी लिटरला गुणा, एका पिकाला तीन टन क्षार. पन्नास किलोंची साठ पोती आपण आपल्या हाताने एकरात ओतली. विहिरीचं पाणी मचूळ असेल आणि लिटरला बाराशे मिलिग्रॅम क्षार असतील, तर हाच आकडा बारा टनांवर जातो. पाणी पिकातून आणि मातीतून उडून जातं, क्षार राहतात. चिकण काळ्या मातीतून त्यांना खाली निचरून जायला वाट नसते.

हे या भागाने फार लवकर पाहिलं आहे. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये वाहू लागला. पंचवीस वर्षांत, १९१० मध्ये, हॅरल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यासाठी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. कालव्याने दुष्काळ हटवला आणि बांधाला पांढरा थर आणला, हे एकाच पिढीने अनुभवलं.

क्षारात सोडियम जास्त झाला की तो त्या महाराष्ट्राएवढ्या पृष्ठभागावर जाऊन बसतो. पापुद्रे एकमेकांपासून सुटतात, माती गाऱ्यासारखी होते, वाळली की दगड बनते. जमीन चोपण होते. तिला सोडवण्याची रीतही मेळाचीच आहे. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला ढकलून त्याची जागा घेतं. ताग किंवा धैंचा फुलोऱ्याआधी गाडला, की कुजताना मातीचे कण एकत्र बांधले जातात आणि पाणी खाली उतरायला वाट होते. त्याखाली चर काढून निचरा दिला, की सोडियम वाहून जातो. जिप्सम टाकलं आणि निचरा नाही, तर पैसे मातीत. धैंचा गाडला आणि जिप्सम नाही, तर सोडियम जागचा फारसा हलत नाही. ठिबकने पाणी निम्म्यावर आलं तर क्षारही निम्मे येतात, हा त्यातला सर्वांत स्वस्त हिशेब. माळेगाव खुर्दच्या खडकाळ माळावर २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली, ती दुष्काळ, क्षार आणि उथळ जमीन याच प्रश्नांसाठी. तिची जागा याहून योग्य असू शकली नसती.

साखरेच्या पोत्यात मातीचं काहीच नाही

आता या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा सांगतो. तो आकडा शून्य आहे.

साखर म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. तिघेही हवेतून आणि पाण्यातून आलेले. साखरेच्या शुद्ध दाण्यात नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही, लोह नाही. दहा लाख टन ऊस गाळून अकरा टक्के उताऱ्याने एक लाख दहा हजार टन साखर बाहेर जाते, आणि तिच्याबरोबर बारामती-इंदापूरच्या मातीतलं जवळजवळ काहीच जात नाही.

मग जमिनीतून उचललेलं जातं कुठे? एक टन ऊस साधारण दोन किलो पालाश उचलतो. दहा लाख टनांमागे दोन हजार टन पालाश, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशच्या पन्नास किलोंच्या साठ हजारांहून जास्त गोण्या. भारत हे खत जवळजवळ सगळं परदेशातून आणतो. उसातला पालाश रसात उतरतो, रसातून मोलॅसिसमध्ये, मोलॅसिसमधून आसवनीच्या स्पेंटवॉशमध्ये, आणि स्पेंटवॉश बॉयलरमध्ये जाळला की राखेत. या राखेपासून केलेल्या खतात १४.५ टक्के पालाश असतो. २०२१ मध्ये त्याचा पोषणमूल्याधारित अनुदानात समावेश झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कारखाना आणि खत कंपनी यांच्यासाठी टनाला ४,२६३ रुपये असा परस्परसंमतीचा दर केंद्राने ठरवून दिला. आपल्या रानातला पालाश आता बाजारात भाव घेऊन बसला आहे.

स्फुरद आणि कर्ब प्रेसमडमध्ये जातात. गाळपाच्या साडेतीन टक्के प्रेसमड धरला, तर दहा लाख टनांमागे पस्तीस हजार टन, दहा टनी साडेतीन हजार ट्रक. त्यातून हल्ली कारखाने बायोगॅस काढतात. ते चांगलंच आहे, कारण गॅस म्हणजे कर्ब आणि हायड्रोजन, खताची मूलद्रव्यं मागे उरलेल्या गाळातच राहतात. अशा किण्वित सेंद्रिय खताला केंद्राने २०२३ मध्ये टनाला १,५०० रुपयांचं साहाय्य जाहीर केलं. हा गाळ कुठे जातो, हे मात्र विचारायला हवं.

आणि पाचट. दहा लाख टन उसामागे सुमारे एक लाख टन. पेटवलं तर चाळीस हजार टन कर्ब एका हंगामात धुराने जातो. त्याच्याबरोबर चारशे टनांहून जास्त नत्रातला बहुतेक भाग, युरियाच्या पंचेचाळीस किलोंच्या वीस हजार गोण्यांच्या घरात. राखेत पालाश राहतो. काडी लावायला मिनिटही लागत नाही.

हिशेब कोणी मागायचा

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा असे पाच सहकारी साखर कारखाने आहेत. वालचंदनगरची साखर तर त्यांच्याही आधीची, १९३० च्या दशकातली. जगात फार थोड्या शेतीप्रदेशांत असं घडतं, की पिकाने मातीतून उचललेलं जवळजवळ सगळं पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत एका फाटकाशी जमा होतं. गहू मुंबईला गेला की त्याचा स्फुरद समुद्राला मिळतो. डाळिंब परदेशी गेलं की त्याचा पालाश त्याच्याबरोबर जहाजात चढतो. ऊस मात्र कारखान्याशी आपला सगळा खनिज माल उतरवतो आणि फक्त गोडी पुढे जाते. हे सुदैव ओळखलं नाही, तर तो आपला दोष आहे.

यंदाच्या हंगामात एक एकर असलेल्यानेही करता येण्यासारखं बरंच आहे. पाचटाला काडी लावू नका. सूक्ष्म अन्नद्रव्यं शेणखतात मुरवल्याशिवाय जमिनीला देऊ नका. सुपर फॉस्फेट प्रेसमडशी मिसळून द्या. चोपण रानात जिप्समबरोबर धैंचा आणि धैंच्याबरोबर निचरा, असं तिन्ही एकत्र करा. मातीचा नमुना तीन वर्षांतून एकदा तरी तपासा आणि कर्बाचा आकडा वहीत लिहून ठेवा, म्हणजे तो चढतो आहे की उतरतो आहे हे तुमच्या नातवाला तरी वाचता येईल.

आणि जे एकट्याला जमत नाही ते सभासदांनी मिळून करावं. कारखान्याच्या वार्षिक सभेत आपण उसाचा दर विचारतो, उतारा विचारतो, इथेनॉल किती झालं ते विचारतो. त्याच सभेत आणखी दोन आकडे अहवालात छापून मागावेत. यंदा आपल्या कार्यक्षेत्रातल्या जमिनींतून किती टन पालाश आणि स्फुरद फाटकातून आत आलं, आणि त्यातलं किती टन परत आपल्या रानात गेलं. हे दोन आकडे जितके जवळ येतील, तितका आपला ऊस टिकेल. पहिला आकडा काट्यावरून काढता येतो, दुसरा ट्रकांच्या पावत्यांवरून. तेव्हा सभासदांनी ते दोन्ही मागावेत आणि मिळेपर्यंत मागत राहावं.